घरच्या मैदानाचं बळ येतं कुठून?

प्रश्न : फुटबॉलमध्ये यजमान संघ जास्त सामने जिंकतो, तो प्रेक्षकांच्या जोरावर का?

उत्तर : बऱ्याच अंशी हो. पण तो जोर खेळाडूंपेक्षा पंचांवर जास्त चालतो, असं माझं ठाम मत आहे. टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, संशयास्पद असतो, ४० हजार लोक एकदम ओरडतात आणि शिट्टी वाजते! पंच हे मुद्दाम करत नाहीत. क्षणार्धात निर्णय घ्यायचा तर डोळ्यांआधी कान कौल देतात. कोविडकाळात स्टेडियम ओस पडली, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी ताकिदीची पिवळी कार्डं कमी झाली. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचा २०२०-२१चा मोसम जवळपास प्रेक्षकांविनाच झाला आणि पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले, यजमानांनी १४४. पाहुण्यांना येणारा प्रवासाचा शीण हे कारण आता किरकोळच. बोलिव्हियातल्या ला पाझची गोष्ट वेगळी, तिथे ३,६०० मीटर उंचीवर पाहुण्यांना धापच लागते.