छातीला रेडिएशन घेऊन १५ वर्षं झाली, आता धडधड आणि चक्कर. संबंध असेल का?

असू शकतो. रेडिएशनने हृदयाच्या स्नायूत हळूहळू व्रणासारखी तंतुमय ऊती साचते. विद्युतसंदेश नेणारी वाट त्यात सापडली की ठोके अडतात. हा परिणाम १०-२० वर्षांनीही दिसतो. ईसीजीत असा अडथळा दिसला तर तो बहुधा उजवा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूला संदेश नेणाऱ्या फांदीतला अडथळा) असतो. तो एकटा असेल तर सहसा निरुपद्रवी. पण पूर्ण हार्ट ब्लॉकला (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश जाणंच बंद) पेसमेकरच लागतो. बसल्याजागी नाडी सतत १०० च्या आसपास असेल तर स्वायत्त नसांचं (हृदयाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या) नुकसान, ॲनिमिया किंवा थायरॉईड तपासा (मानेलाही किरण लागले असतील तर थायरॉईड हमखास तपासा).

साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा, त्यात अधूनमधून येणारी धडधड निसटते. म्हणून २४-४८ तासांचं होल्टर (अंगावर लावून फिरायचा छोटा ईसीजी), सोबत हृदयाच्या झडपांसाठी इको (हृदयाची सोनोग्राफी). रेडिएशनचा डोस आणि बाजू लिहिलेला जुना कागद न्याच. शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सी.