घर फ्रेमाँटला, शोध सॅन होजेत

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. तिची नोकरी सॅन होजेला होती, राहायची फ्रेमाँटला. आता ती नाशिकला आमच्याकडे असते आणि तिचं दुसरं लग्न ठरलंय. नोंदणीसाठी डिक्री मागताहेत. मूळ कागद घर बदलताना गेले. सॅन होजेच्या कोर्टाच्या पोर्टलवर तिचं नावच सापडत नाही. शिवाय शेजारी म्हणतात, तिकडे कोर्टाचे कागद कुणीही वाचतं. खरं का?
– एक भाऊ, नाशिक

उत्तर : दादा, तुमच्या केसची गाठ फ्रेमाँटमध्ये आहे. मी तिथल्याच एका काउंटी कोर्टाच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं बसले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. दर आठवड्याला कुणीतरी चुकीच्या काउंटीत येऊन माझ्यावर वैतागायचं. सॅन होजे सांता क्लारा काउंटीत, फ्रेमाँट मात्र अलामेडा काउंटीत. नोकरी कुठे होती याला काही अर्थ नाही. नवरा-बायकोपैकी एक जण निदान तीन महिने जिथे राहिला, त्या काउंटीत अर्ज होतो. आधी अलामेडात शोधा. तिथे नसेल, तर नवरा तेव्हा कुठे राहत होता ते बहिणीला विचारा.

राज्यात ५८ काउंट्या आणि प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट. नाव भारदस्त, पण उच्च न्यायालय समजू नका. ट्रॅफिकच्या दंडापासून खुनापर्यंत सगळं पहिल्यांदा तिथेच उभं राहतं. दप्तर ज्याचं त्याच्याकडे.

शोधताना ‘डिव्होर्स’ शब्दावर अडू नका, कागदावर ‘डिसोल्यूशन’ असतं. तुम्हाला हवी ती डिक्री म्हणजे ‘जजमेंट’, फॉर्म एफएल-१८०. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा. घटस्फोटाच्या नकलेची फी १५ डॉलर. साधी झेरॉक्स पानाला ५० सेंट, पण ती इथे कुणी विचारणार नाही. केस नंबर नसला आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली, तर आणखी १५ डॉलर. मग त्या नकलेवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या अधिकाऱ्याकडून अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, २० डॉलर. भारतही २००५ पासून अपोस्टिल मानतो. एखादी वेबसाइट यासाठी शेकड्यांनी डॉलर मागत असेल, तर तिला नमस्कार करा.

नक्कल हाती आली की दोन जागा बघा. एक, विवाह संपल्याची तारीख. ती सहीच्या तारखेहून नंतरची असू शकते. दुसरी, निकाल नवऱ्याच्या गैरहजेरीत झाला का? लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल आणि दोघांची संमती नसेल, तर नोंदणीआधी इथल्या वकिलाला दाखवाच. परदेशी डिक्री भारतात केव्हा चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगून ठेवलंय.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं. केस नंबर, नावं, तारखा घरबसल्या दिसू शकतात. कौटुंबिक केसमधले कागद मात्र त्रयस्थाला कोर्टात जाऊनच बघावे लागतात. मुलांच्या ताब्याबद्दलचा तज्ज्ञाचा अहवाल तिथेही मिळत नाही. नाशिकचे शेजारी त्यासाठी विमानाचं तिकीट काढतील असं मला वाटत नाही.

आणि हो, टपालाने मागवणार असाल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत लागतं. आपली तिकिटं तिथे चालत नाहीत, तेव्हा बहिणीच्या तिथल्या एखाद्या मैत्रिणीचा पत्ता द्या.