बाळ येण्याआधी कार्नेवरचं आडनाव दुरुस्त करून घ्या

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वहिनींच्या कार्नेवर, म्हणजे इथे पेरूत परदेशी रहिवाशाला मिळणाऱ्या ओळखपत्रावर, पहिलं आडनाव म्हणून तुमचं नाव छापून आलंय, खरं आडनाव दुसऱ्या जागी गेलंय, बाळंतपणाला दहा आठवडे उरलेत, आणि लिमातले ओळखीचे सांगताहेत की 'चालेल, नंतर बघू'. नंतर बघू नका. आम्ही २०१७ मध्ये नेमकं हेच 'चालेल' ऐकलं आणि पुढे चौदा महिने निस्तरत बसलो.

कार्नेचा अर्ज, भेटीची वेळ, फी हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

फॉर्मवर आडनावाच्या दोन चौकटी असतात: आपेयीदो पातेर्नो, वडिलांकडचं, आणि आपेयीदो मातेर्नो, आईकडचं. आपलं नाव तीन शब्दांचं. उदाहरणादाखल वैशाली संजय पाटील धरू. इथल्या माणसाला तीन शब्द दिसले की पहिलं नाव आणि पुढची दोन आडनावं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की तो विचारतसुद्धा नाही. माझा फॉर्म कागदपत्रं करून देणाऱ्या एकाने भरला, मी सही केली. कार्ने हातात आल्यावर चूक मला दिसली होती. तरी असू दे म्हटलं. इथल्या इतक्या वर्षांत माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

बँकेत, दवाखान्यात 'सेन्योरा संजय', म्हणजे 'श्रीमती संजय', अशी हाक यायची, कारण इथे पहिलंच आडनाव चालतं. तेवढं सोसलं असतं. पण मार्च २०१८ मध्ये मुलगा झाला, आणि बाळाला तेव्हा लागायचं बापाचं पहिलं आडनाव अधिक आईचं पहिलं आडनाव. जन्मनोंदणीच्या खिडकीतून मसुदा वाचायला दिला: बाळाचं नाव, पाटील, संजय. माझ्या मुलाचं दुसरं आडनाव म्हणजे त्याच्या बापाचं नाव! मी पासपोर्ट पुढे केला. बाई म्हणाल्या, तुम्ही इथल्या रहिवासी, मी कार्नेवर आहे तेच लिहिणार. जन्माची नोंद साठ दिवसांत करायची असते आणि आम्ही बेचाळिसाव्या दिवशी गेलो होतो. बाळ कडेवर रडत होतं, मागे रांग होती. मी सही केली.

दुरुस्तीला गेलो तेव्हा उत्तर मिळालं की चूक नोंदणी करणाऱ्याची असती तर कार्यालयानेच सुधारली असती, पण ती तुम्ही दिलेल्या कागदातच आहे, तेव्हा नोटरीकडे जा, नाहीतर कोर्टात. कार्यालयाचं नाव घेत नाही. पण तिथे फाईल दर वेळी 'ओब्सेर्वादो', म्हणजे 'त्रुटी आहे', असा शेरा मारून परत यायची आणि दर वेळी एकच नवी त्रुटी. सगळ्या त्रुटी एकदम सांगायला काय जात होतं? दूध पाजायची वेळ सांभाळून मी सहा वेळा तिथे गेले. त्याचा राग आजही गेलेला नाही.

त्यातली सगळ्यात मोठी त्रुटी होती माझं माहेरचं नाव. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. पेरूत लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, फार तर 'दे' लावून नवऱ्याचं आडनाव मागे जोडतात. त्यामुळे त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र मी आपल्या वकिलातीतून आणलं, तर तेही परत. भारतातून येणाऱ्या सरकारी कागदाला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र, पुरतं (पेरू २०१० पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे), पण वकिलातीने दिलेल्या कागदाला अपोस्टिल नसतं, त्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. हे मला कुणीही आधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि इथला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी नव्हे. तो मूळ दस्त स्वतःकडे ठेवतो, त्याचं वजन मोठं असतं आणि फीही तशीच.

मी वकील नाही, नियम बदलतात, तेव्हा खात्री करून घ्या. तरी माझं ठाम मत सांगते: बाकी सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात कार्नेच्या दुरुस्तीचा अर्ज टाका. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच पहिल्या चौकटीत, दुसरी चौकट रिकामी. कुणी ती भरायचा आग्रह केला तरी भरू नका. मग बाळ 'पाटील पाटील' होईल. आपल्याला विचित्र वाटतं, इथे कुणी मान वर करून बघत नाही. क्विस्पे क्विस्पे, मामानी मामानी अशी माणसं कितीतरी आहेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की राष्ट्राध्यक्ष सारखे बदलतात तिथे संसार मांडावा का. मी सप्टेंबर २०१६ मध्ये आले, ऑक्टोबर २०२५ पर्यंत सात पाहिले. मुलगा झाला त्याच महिन्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुचिन्स्की यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये तर आठवडाभरात तीन जण त्या खुर्चीत बसले. पण मध्यवर्ती बँकेत २००६ पासून हुलिओ वेलार्दे होते, आणि सोल या इथल्या चलनाची पेरूच्या काही शेजारी देशांच्या चलनासारखी दैना या काळात झाली नाही. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला हे फार जाणवतं. मला खरी काळजी खंडणीची वाटते. गेल्या काही वर्षांत बसवाले, दुकानदार यांना धमक्या येतात, चालकांचे खून झालेत, बस बंद ठेवून मोर्चे निघालेत. घर बघताना भाड्याच्या आधी त्या भागाची चौकशी करा.

आणखी एक. लिमात पाऊस जवळजवळ नाही, पण हिवाळ्यात दमट धुकं महिनोन् महिने हटत नाही. भारतातून आणलेले मूळ दाखले कपाटात नुसते ठेवू नका, माझ्या विवाहाच्या दाखल्याला बुरशी लागली होती. डाळींचंही तेच.

कार्ने दुरुस्त होऊन हातात आलं की इथे लिहा. नोंदणीच्या दिवशी सोबत काय काय न्यायचं ते तेव्हा सविस्तर सांगते.