ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग पारखताना

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढताना ऐकली असशील, तर तुझा कान अर्धा तयार आहे. सांगलीत पूर्ण ऑर्केस्ट्रा समोर ऐकायला मिळणं अवघड, म्हणून सगळी भिस्त रेकॉर्डिंगवर. फक्त ध्वनिमुद्रण आणि वादन वेगवेगळं तोल.

बेथोव्हनची पाचवी सिम्फनी घे, ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची रचना. सुरुवातीच्या त्या चार सुरांवर भाळू नकोस, ते सगळेच दणक्यात वाजवतात. तिसऱ्या भागाच्या मध्यावर चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं धावत सुटतात. तिथं सूर सुटे कळतात की नुसती घरघर? पुढे टिंपनी या नगाऱ्यांची दबकी थाप, हळूहळू चढत जाणारा आवाज आणि चौथ्या भागाच्या तोंडाशी ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं पहिल्यांदाच येतात. या वेळी व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. मुद्रण करताना हळू-मोठ्यातलं अंतर दाबलं असेल, तर हा सगळा चढ सपाट होतो.

आधी कार्लोस क्लायबर या ऑर्केस्ट्रा-संचालकाचं व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासोबतचं १९७४चं रेकॉर्डिंग ऐक, मग फुर्टवेंगलर या दुसऱ्या संचालकाचं बर्लिनमधलं १९४७चं. दुसरं मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं आहे, आवाज जुनाट. पण लय कुठे ओढलीय, कुठे सोडलीय ते बघ! मला तेच जास्त आवडतं. महागडे स्पीकर आत्ता घेऊ नकोस, बरा हेडफोन पुरे.