वाचक विचारतात: हिजरी तारीख, इंग्रजी तारीख आणि मधला एक दिवस

मागच्या अंकात जुन्या कागदांवरच्या तारखांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून निवडक प्रश्न घेतेय.

प्रश्न (दापोली): अस्सलाम वालेकुम. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद पणजोबांच्या वहीत "२७ रजब १३४३ हिजरी, इतवार" अशी आहे. आम्ही घराण्याची स्मरणिका छापतोय, त्यात इंग्रजी तारीख हवी. मोबाईलवरचा कन्व्हर्टर २१ फेब्रुवारी १९२५ सांगतो, पण त्या दिवशी शनिवार होता. वही चुकली की कन्व्हर्टर? घरात असंही सांगतात की आजोबा शबे मेराजला, म्हणजे २७ रजबच्या रात्री, ईशाच्या (रात्रीच्या) नमाजानंतर जन्मले.

वालेकुम अस्सलाम ताई. तुम्ही वार तपासलात हे फार चांगलं केलंत, बरेच लोक कन्व्हर्टरने दिलेली तारीख तशीच छापून मोकळे होतात. कोणतंही कॅलेंडर घ्या, हिजरी, शके, इंग्रजी, सात वारांची साखळी सगळीकडे एकच चालते, ती कुठेही तुटत नाही. त्यामुळे जुन्या नोंदीत वार दिलेला असेल तर माझा पहिला विश्वास वारावर.

आधी वर्ष. ढोबळ हिशोब असा की हिजरी आकड्याला ३३ ने भागायचं, आलेला आकडा मूळ आकड्यातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. १३४३ भागिले ३३ म्हणजे साधारण ४१, उरले १३०२, अधिक ६२२, झाले १९२४. हिजरी वर्ष चांद्र, ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, म्हणून ही ३३ ची भानगड. १३४३ हे साल ऑगस्ट १९२४ मध्ये सुरू झालं आणि रजब सातवा महिना, म्हणजे फेब्रुवारी १९२५ बरोबरच आहे.

आता दिवस. कन्व्हर्टर चंद्र बघत नाही, तो कोष्टक बघतो. त्या कोष्टकात महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरतात आणि तीस वर्षांत अकरा वेळा शेवटच्या महिन्याला एक दिवस जोडतात. सरासरी अगदी अचूक जमते, पण एखाद्या महिन्यात प्रत्यक्ष चंद्र कधी दिसला हे कोष्टकाला कसं कळणार. तुमच्या केसमध्ये मी अमावस्या बघितली. २४ जानेवारी १९२५ ची अमावस्या, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते. म्हणजे २५ च्या संध्याकाळी कोकणात सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम बावीस तासांचा होता, इतकी बारीक कोर क्षितिजावर धुरकट असेल तर दिसत नाही. तो २६ ला दिसला असेल तर १ रजब २७ जानेवारीला, आणि २७ रजब २२ फेब्रुवारीला, आणि त्या दिवशी रविवारच होता. पणजोबांची वही बरोबर आहे.

पण थांबा, अजून एक गोष्ट आहे. हिजरी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होतो, आधी रात्र आणि मग दिवस, जशी शबे जुमा, म्हणजे शुक्रवारची रात्र, गुरुवारी रात्री असते. म्हणजे २७ रजबची रात्र ही शनिवारची रात्र. आजोबा ईशानंतर पण मध्यरात्रीच्या आधी जन्मले असतील तर इंग्रजी तारीख २१ फेब्रुवारीच येते! कन्व्हर्टर इथे योगायोगाने बरोबर आला. मध्यरात्र उलटून गेली असेल तर मात्र २२. घरात कुणा वडीलधाऱ्यांना नेमकी वेळ आठवत असेल तर विचारून ठेवा, नाहीतर स्मरणिकेत "२१-२२ फेब्रुवारी १९२५ ची रात्र" असंच छापा, ते सगळ्यात खरं. आणि शेजारी २७ रजब १३४३ जरूर लिहा, मूळ नोंद तीच आहे.

प्रश्न (सातारा): वाड्यातल्या एका मोडी कागदावर शेवटी "छ १० साबान, मंदवार, सु॥ सलास सबैन मया व अलफ" असं आहे. मोडी वाचून घेतली, पण याची तारीख कशी काढायची? आणि हे हिजरी साल आहे का?

साल हिजरी नाही पण महिना आणि तारीख हिजरी आहे, मराठेशाहीच्या कागदांत हे असंच मिसळलेलं असतं. "छ" म्हणजे चंद्र, पुढचा आकडा चांद्र तारीख. "सु॥" म्हणजे सुहूर सन. त्यात आकडे अरबी शब्दांत आणि उलटे, एककापासून: सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७३.

सुहूर सन हिजरीतूनच निघालाय पण तो सूर्यावर चालतो, मृग नक्षत्राला नवं साल लागतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतसारा पिकावर, पीक पावसावर, आणि शुद्ध चांद्र वर्ष दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत जाणार, तर वसुलीला ते कसं चालणार! १३४४ साली हिजरी आणि सुहूर दोघांचाही आकडा ७४५ होता, तिथून पुढे फरक वाढत गेला. पानिपतचं घ्या. १४ जानेवारी १७६१ ला हिजरी साल ११७४ पण सुहूर ११६१, तेरा वर्षांचं अंतर. म्हणून सुहूरला ३३ वाला हिशोब लावू नका, सरळ ५९९ मिळवा, आणि जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर ६००.

तुमचे ११७३ अधिक ५९९ म्हणजे जून १७७२ ते जून १७७३. या काळात साबान एकदाच येतो, हिजरी ११८६ चा. कोष्टकाने १० साबान म्हणजे ६ नोव्हेंबर १७७२, शुक्रवार. पण कागदावर मंदवार आहे, मंदवार म्हणजे शनिवार, म्हणून ७ नोव्हेंबर. पुन्हा तोच एक दिवस!

हे पडताळायला आपल्याकडे घरचंच साधन आहे, पंचांग. चंद्र दिसतो तो बहुतेक शुद्ध प्रतिपदेच्या नाहीतर द्वितीयेच्या संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी मुसलमानी महिन्याची पहिली तारीख. म्हणजे शुद्ध पक्षात तिथीचा आकडा हिजरी तारखेपेक्षा एक किंवा दोनने जास्त असतो. ६ नोव्हेंबर १७७२ ला कार्तिकी एकादशी होती, म्हणजे ७ ला द्वादशी. द्वादशीला छ १०, दोनचा फरक, जुळलं. पानिपतच्या दिवशीही असंच, पौष शुद्ध अष्टमी आणि छ ६ जमादिलाखर, तिथे कोष्टक मात्र ७ दाखवतं.

त्या दिवसांत थोरले माधवराव थेऊरला अंथरुणाला खिळलेले होते, १८ नोव्हेंबरला ते गेले, म्हणजे तुमचा कागद त्यांच्या शेवटच्या अकरा दिवसांतला आहे. तो लॅमिनेट वगैरे अजिबात करू नका. चांगले फोटो काढा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा दाखवून आणा.

प्रश्न (पुणे): ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये १९ फेब्रुवारी १६३० टाकलं तर मंगळवार येतो. शिवजन्म तर शुक्रवारचा. असं का?

१९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. इंग्रजांनी नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, तोवर ते जुन्यावरच चालत होते, आणि सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची आजच्या पद्धतीची तारीख १ मार्च १६३०, वार शुक्रवार. हिजरी तारीख काढायची असेल तर आधी कन्व्हर्टर कोणतं कॅलेंडर धरतोय ते बघा, नाहीतर उत्तर दहा दिवसांनी चुकेल आणि कळणारही नाही. पोर्तुगालने नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची इंग्रजांच्या आणि पोर्तुगीजांच्या पत्रांतली तारीख दहा दिवसांनी वेगळी दिसते, ती चूक नव्हे.

प्रश्न (बीड): आजोबांच्या जमिनीच्या कागदावर "१३४९" साल आहे, कन्व्हर्टर १९३० सांगतो, पण व्यवहार त्यानंतरचा आहे असं घरातले ठाम सांगतात.

घरातले बरोबर आहेत. निजामाच्या राज्यातले महसुली कागद बहुतेक फसली सनावर, म्हणजे वसुलीसाठीच्या सौर सालावर असतात, हिजरीवर नाही. महिन्याचं नाव बघा. आजूर, बहमन असलं काही असेल तर फसली, मोहरम, सफर असेल तर हिजरी. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरला सुरू व्हायचं आणि त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे तुमचं १३४९ हे १९३९-४०. नऊ वर्षांचा फरक आहे, कोर्टात कागद देणार असाल तर वकिलांना हे आधीच सांगा.

प्रश्न (भिवंडी): माझ्या फोनवर हिजरी तारीख नेहमी एक दिवस पुढे का असते?

बहुतेक ॲप सौदीचं उम्म अल-कुरा कॅलेंडर वापरतात, ते गणिताने आधीच ठरलेलं असतं, आणि आपल्याकडे चंद्र दिसल्यावर महिना ठरतो, जो बहुधा एक दिवस उशिरा येतो. सेटिंगमध्ये तारीख एक दिवस मागे घ्यायची सोय असते, ती लावा, पण दर महिन्याच्या २९ ला पुन्हा बघावं लागेल, कारण कधीकधी दोन्हीकडे एकच तारीख येते. रमजान आणि ईदसाठी तुमच्या इथल्या हिलाल कमिटीचाच, म्हणजे चंद्र दिसल्याचं जाहीर करणाऱ्या समितीचाच निर्णय धरा. दाऊदी बोहरा समाज कोष्टकाचं मिस्री कॅलेंडर पाळतो, म्हणून त्यांची ईद मुंबईत एखाद-दोन दिवस आधी असते, त्यांची जुनी नोंद असेल तर कोष्टकाने काढलेली तारीख मात्र बहुतेक तंतोतंत जुळते.

प्रश्न (नाशिक): एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान ईद येऊ शकते का?

हो. २००० साली जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये अशा दोन आल्या होत्या. पुढच्या वेळी २०३३ मध्ये, जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास दुसरी.