ऑस्ट्रेलियातल्या वन्यजीव उद्यानात कांगारूंना पाव का देऊ देत नाहीत?

पाव अजिबात देऊ नका, कांगारूचा जबडा सडू शकतो. मऊ घास दाढांच्या फटीत चिकटून राहतो आणि हिरडीतल्या जखमेतून जिवाणू थेट हाडात शिरतात. याला 'लम्पी जॉ' म्हणतात. जबडा सुजतो, लाळ गळते, चारा तोंडातून खाली पडतो. उपचार अवघड असतात: औषध सडलेल्या हाडात नीट पोचत नाही, बरेचदा दात काढावे लागतात, आणि तरीही रोग उलटतो. बिचारं जनावर उपाशी मरू शकतं.

कांगारूचं खरं खाणं म्हणजे भरड गवत. त्यामुळे उद्यानात विकत मिळणारं खाद्यच घ्या. सपाट तळहातावर, खाली बसून द्या. डोक्याऐवजी छातीला हात लावा. पिशवीला कधीच नको. नर ताठ उभा राहिला तर सावकाश मागे सरका.