वाचकांचे प्रश्न : अबू त्रिका एवढा मोठा का?

प्रश्न : सर, मी मोहम्मद सलाहमुळे इजिप्तच्या फुटबॉल मॅच बघायला लागलो. पण तिथले लोक अजूनही मोहम्मद अबू त्रिकाचं नाव आधी घेतात. तो युरोपात खेळला नाही, वर्ल्डकपही नाही. मग हे नुसतं जुन्या आठवणींचं प्रेम आहे का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही! आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हा माणूस अल अहली या कैरोच्या मोठ्या क्लबात आला तोच 2004 मध्ये, पंचविशी गाठल्यावर. त्याआधी तेरसानासारख्या छोट्या क्लबात होता, आणि कैरो युनिव्हर्सिटीतून तत्त्वज्ञानाची डिग्री पण घेतलेली. पळण्यात फार वेगवान नव्हता, पण बॉल यायच्या आधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याला दिसायचं, आणि बाकीचे सगळे गोलीसमोर गर्दी करत असताना हा मागून सावकाश यायचा आणि नेमका मोकळ्या जागेत उभा असायचा.

आणि फायनल आली की हा असणारच. 2006 चा आफ्रिका कप, कैरोत आयव्हरी कोस्टविरुद्ध 0-0, पेनल्टीवर गेली आणि निर्णायक किक याची. 2008 ला घानातल्या अक्रात कॅमेरूनविरुद्ध 77व्या मिनिटापर्यंत गोल नाही, इजिप्तच्याच मोहम्मद झिदानने त्यांच्या रिगोबर्ट साँगशी झटापट करून, पडून, परत उठून बॉल काढला आणि बाजूला दिला, तिथे कोण, तर अबू त्रिका. कप इजिप्तला. पण मला विचाराल तर त्याचा सगळ्यात भारी गोल क्लबसाठीचा आहे. 2006 च्या आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची फायनल, कैरोतली पहिली मॅच ट्युनिशियाच्या सफाक्सियन क्लबने 1-1 सोडवलेली, आणि बरोबरीत दुसऱ्याच्या मैदानावरचा गोल तेव्हा जास्त धरायचे, म्हणजे ट्युनिशियात 0-0 राहिली असती तरी कप त्यांचाच होता, नव्वद मिनिटं संपली, आणि एक्स्ट्रा मिळालेल्या वेळात याने बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायाने जो हाणलाय! पाय उजवा चालतो बरं का त्याचा. ती लीग त्याने एकूण पाच वेळा जिंकली.

वर्ल्डकपचं दुःख मात्र खरं आहे, मला अजून वाईट वाटतं. नोव्हेंबर 2009 ला सुदानमधल्या ओमदुरमानमध्ये अल्जीरियाकडून प्लेऑफ 1-0 ने गेला. मग 2013 ला कुमासीत घानाने 6-1 ने धुतलं, इजिप्तचा तो एकमेव गोल याच्या पेनल्टीचा. तेव्हा तो पस्तिशीला आलेला. त्यात त्याची चूक शोधायला जाऊ नका, दोन्ही वेळा संघ शेवटच्या दारापर्यंत आलाच होता.

पण प्रेम नुसतं गोलांमुळे नाहीये. फेब्रुवारी 2012 ला इजिप्तमधल्याच पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये दंगल होऊन अल अहलीचे 70 हून जास्त प्रेक्षक मेले, त्यातल्या एका मुलाने ड्रेसिंग रूममध्ये याच्यासमोर जीव सोडला. त्यानंतर त्याच वर्षी त्याने इजिप्तच्या सुपर कपची मॅच खेळायला नकार दिला, मेलेल्यांना न्याय मिळाला नाही म्हणून, आणि त्याबद्दल क्लबची शिक्षा पण भोगली. लोक हे विसरत नाहीत.

प्रश्न : सलाह आणि तो कधी एकत्र खेळलेत का? आणि आता अबू त्रिका कुठे असतो?

उत्तर : खेळलेत ना, 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला! तिथे तेविशीच्या वरच्या तीनच खेळाडूंना परवानगी असते, त्यातला एक हा, आणि सलाह तेव्हा वीस वर्षांचा पोरगा. डिसेंबर 2013 ला त्याने बूट टांगले, त्याच्या महिनाभर आधी दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या दोन्ही मॅचमध्ये गोल मारून. 2017 मध्ये इजिप्तच्या कोर्टाने त्याचं नाव दहशतवादी यादीत टाकलं, बंदी घातलेल्या मुस्लिम ब्रदरहुड संघटनेला पैसे पुरवल्याचा आरोप, जो तो नाकारत आलाय. आता कतारला असतो, टीव्हीवर मॅचचं विश्लेषण करतो. ट्युनिशियातला तो गोल आधी बघा, मग अक्रातला.